तिसऱ्या गिअरचा इलाज

मौला मिस्त्रींशी माझी पहिली भेट भांडणानंच झाली. शाहूपुरीतल्या त्यांच्या गॅरेजला पाटी नाही. मी तिथं गेले ती इंजिन साफ करायच्या औषधाची बाटली हातात घेऊन. अशा दोन बाटल्या आणल्या होत्या. पेट्रोलमध्ये घालायची मी आधीच टाकीत रिकामी केली होती. इंजिन ऑइलमध्ये घालायची तेवढी मिस्त्रींनी ओतून द्यावी, एवढंच काम.

"न्हाय ओतणार," मिस्त्री म्हणाले.

छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला तोंडावर नाही म्हणणारा माणूस मला नवा होता. माझं डोकंच फिरलं, कारण माझ्याकडं वेळ नव्हता. पंचवीस वर्षांची माझी गाडी धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली होती. पीयूसीचा कागद नसेल तर सोमवारी आरटीओत नोंदणी वाढवून मिळणार नव्हती. पुण्याहून आलेल्या माझ्या मुलानं, विश्वजितनं, तर शनिवारी पाच वाजता भंगारवाल्याला घरी बोलावूनही ठेवलं होतं. "आई, आता पुरे," म्हणाला. ही गाडी मी माझ्या पगारातून घेतलेली, घरातल्या सगळ्या पुरुषांच्या आधी चालवायला शिकलेली. पुरे कशी? आणि तो दिवस शुक्रवार होता.

मिस्त्रींनी ऑइलचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि काळं लोणी माझ्या नाकासमोर धरलं. "बाई, ही बाटली आत गेली की हा मळ एकदम सुटणार. खाली जाळी हाय, तिथं जाऊन बसणार. ऑइल वर चढंना झालं की इंजिन जाम. मग भंगारवाल्याला बोलवायला नको, तोच पळत येतोय."

हे ते ऐकीव सांगत नव्हते. मिस्त्री मूळचे हातकणंगल्याचे, ट्रॅक्टरवर हात बसलेला. शिरोळला महापूर आला त्या साली बुडालेले ट्रॅक्टर दुरुस्त करायला दीड महिना तिथं मुक्काम ठोकून होते. घाईवाल्यांनी काहीबाही ओतून इंजिनं चालू केली, ती बसली. मिस्त्रींनी एकेक उघडून धुतलं. त्यांच्या बायको शाहिस्ताभाभी अजून बोलून दाखवतात, "घरात कधी कप विसळला न्हाय ह्या माणसानं, आणि तिकडं दीड महिना चिखल धूत बसला!"

"मग पेट्रोलची बाटली तरी कामाची का?" मी विचारलं.

"हाय की. थोडी. पण गाडी नेता कुठं?"

"भाजी मंडई. आणि बँक."

"स्पीड?"

"तीस. जपते मी गाडीला."

मिस्त्री इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या टायरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "अवो, जपून जपून आजारी पाडलासा की तिला! इंजिन नीट तापतच न्हाय, मग आतला कार्बन जळणार कसा? औषध पाजलंय आणि अंथरुणावर झोपवून ठेवलंय."

मला राग यायला हवा होता, पण वाईट वाटलं. निवृत्त झाल्यापासून पाच वर्षांत मी गाडी शहराबाहेर काढलीच नव्हती. गाडीला काही होईल म्हणून, असं सगळ्यांना सांगायची. खरं तर मीच भीत होते.

त्या दिवशी त्यांनी ऑइल, फिल्टर आणि प्लग बदलले, पाणी तपासलं. शनिवारी सकाळी मांडीवर भाभींचा डबा घेऊन शेजारी बसले. "चला पन्हाळ्याला. चालवणार तुमी."

हा त्यांचा ठरलेला इलाज. जुनी गाडी आली की आधी सगळं तपासायचं, मग मालकालाच घाट चढायला लावायचा. आजवर हजार वेळा पन्हाळ्याला गेले असतील, पण सगळ्या दुसऱ्यांच्या गाड्यांतून. त्यांची स्वतःची सायकल आहे.

वाघबीळ मागं पडलं, चढ लागला आणि माझा हात सवयीनं गिअरवर गेला.

"चौथा नगं. तिसऱ्यातच ठेवा आणि दाबा."

"आवाज करतेय हो!"

"वरडू दे की. लई वर्षं गप बसलीया."

मी दाबलं. पहिल्या दोन वळणांवर मागं काळा लोट उठला. एक मोटरसायकलवाला शिव्या घालत पुढं गेला आणि मी रडकुंडीला आले. चौथ्या वळणाला आरशात बघितलं तर मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. इंजिन असं मोकळं झालं की त्रेसष्ट वर्षांची मी पोरीसारखी ओरडलेच. मिस्त्रींनी डबा छातीशी धरला. "आता जरा दमानं, बाई. मला घरी जायचं हाय!"

वर झाडाखाली भाकरी आणि खर्डा खाल्ला. एवढी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती. उतरलो ते थेट पीयूसी केंद्रावर. दोनदा नापास करणाऱ्या त्याच माणसानं नळी लावली, आकडा बघितला, नळी पुसून पुन्हा लावली.

"पास हाय, पावणं," तो मिस्त्रींना म्हणाला.

"गाडी माझी आहे," मी म्हटलं.

परतताना मी विचारलं, "बाटलीनं झालं, प्लगनं, की घाटानं?"

"तिघांनी मिळून. पण बाटलीवाल्यानं सगळं आपल्या नावावर घिऊ नये," मिस्त्री म्हणाले. "आठवड्यातनं एकदा लांब पळवा. मग बाटली वर्षातनं एखादी घाला, न्हायतर घालू नका."

त्यांना गॅरेजपाशी सोडलं. तिथून घर पाच मिनिटांवर. मी गाडी हायवेकडं वळवली.

पाच वाजता विश्वजितचा फोन आला. भंगारवाला दारात उभा होता. "आई, गाडी कुठाय? तू कुठायस?"

"त्याला चहा दे आणि पाठव," मी म्हणाले. "आणि लवकर बोल. फोनसाठी गाडी बाजूला उभी केलीय, मला अजून पुढं जायचंय."