ज्वारीचा ब्रेड आणि दाबून ठेवलेला सल्ला

गेले तीनेक महिने दर रविवारी सकाळी मी घरी ब्रेड भाजतो. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी तांदळाचं, अर्धी वाटी साबुदाण्याचं, दोन चमचे जवसाची पूड, थोडं इसबगोल, मीठ, खायचा सोडा, लिंबाचा रस आणि शेंगदाण्याचं दूध. गहू नाही, मैदा नाही, दूध-लोणी काही नाही. बायकोला गहू अजिबात चालत नाही. आतडी पुरती बरी होईपर्यंत दुधाचंही काही नको, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. अंडं ती आधीपासूनच खात नाही.

या ब्रेडचं आमच्या नात्यात फार कौतुक आहे. बहात्तराव्या वर्षी बायकोसाठी ओट्याशी उभा राहणारा नवरा म्हणून माझं उदाहरण देतात. मध्यंतरी एका लग्नात दूरच्या नात्यातल्या एका बाईंनी स्वतःच्या नवऱ्याला हाताला धरून माझ्यासमोर आणलं आणि म्हणाल्या, "पाहून घ्या, याले म्हणतात माणूस." मी हसलो आणि हातातला मठ्ठा पीत राहिलो.

तो मठ्ठा काही गोड लागला नाही. का, ते लिहून ठेवतो.

मी कोराडीच्या वीज केंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. बॉयलरला जाणारं पाणी किती आंबट, किती खारं, हे तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. त्याआधी मी खेड्यातला पोरगा होतो. आमच्या घरी तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी, आणि पोळी फक्त सणाला. तालुक्याच्या शाळेत गेलो तेव्हा माझ्या फडक्यातली भाकरी पाहून मुलं हसायची. नोकरी लागली, वसाहतीत क्वार्टर मिळालं, लग्न झालं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी बायकोला सांगितलं की आपल्या घरी रोज पोळ्या होतील. भाकरी पुन्हा घरात नको. तिचं माहेर कळमेश्वरजवळच्या एका गावात. तीही भाकरीवरच वाढलेली. तिला सुरुवातीला गंमत वाटली, थोडा अभिमानही वाटला.

वर्षभरात तिचं पोट बिघडायला लागलं. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, थकवा इतका यायचा की दुपारी भिंतीला धरून चालायची. रक्त कमी, गोळ्या घेतल्या तरी कमीच. माहेरी गेली की मात्र पंधरा दिवसांत चेहरा भरायचा. मी त्यावरून थट्टा करू लागलो. सासरची हवा लागली की पोट खराब, माहेरची लागली की बरं, असं आधी घरात म्हणायचो, मग चार लोकांत. लोक हसायचे. तीही हसायची.

मी तिची काळजी घेत नव्हतो असं नाही. उलट फार घ्यायचो. आजारी माणसाला हलकं द्यायचं म्हणून आपल्याकडे जे देतात ते सगळं मी तिला दिलं. गव्हाचा दलिया, मऊ फुलका, चहात बुडवलेला टोस्ट, रव्याची खीर. ती नको म्हणाली तर चमच्याने भरवायचो. ती जितकी जास्त आजारी, तितका तिच्या पोटात जास्त गहू. हे अजाणता झालं, असं एवढ्यापर्यंत म्हणता येईल.

पुढचं अजाणता नाही.

मुलगी चौथीत होती त्या वर्षी मी बायकोला नागपुरात एका वयस्कर डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिची नखं पाहिली, जीभ पाहिली, आणि तिला बाहेर बसायला सांगून मला विचारलं, माहेरी बरं वाटतं म्हणता, तर तिथे ती काय खाते? मी म्हटलं, ज्वारी. ते म्हणाले, "मग दोन महिने गहू पूर्ण बंद करून पाहा. रवा, मैदा, बिस्किट, काहीच नको. नंतर मला येऊन सांगा."

मी मान डोलावली आणि बाहेर आलो. कोराडीच्या बसमध्ये तिने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी म्हणालो, काही नाही, अशक्तपणा आहे, टॉनिक दिलं.

असं का केलं, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. मोठं उत्तर सापडत नाही. त्या बसमध्ये माझ्या डोळ्यांसमोर डब्यातली भाकरी आली, आणि डबा उघडल्यावर प्रयोगशाळेतल्या लोकांचे चेहरे आले. एवढंच. तिला वेगळी भाकरी आणि मला पोळी, असंही करता आलं असतं. पण घरात पुन्हा भाकरी म्हणजे मी पुन्हा तिथेच गेल्यासारखं मला वाटलं. शिवाय डॉक्टर म्हातारे झालेत, औषध द्यायचं सोडून पीठ बदलायला सांगतात, अशी मी स्वतःची समजूत काढली. ती दुसऱ्यांदा त्यांच्याकडे जायचं म्हणाली तेव्हा मी टाळलं.

त्याच वर्षी मी तिच्या मोठ्या भावाला पत्र लिहिलं. तुमच्या बहिणीला माहेरी यायचा रोग आहे, जरा समजावा. हे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. त्यानंतर ती माहेरी राहायला जाईनाशी झाली. मी कारण विचारलं नाही.

मागच्या वर्षी मुलीच्या तब्येतीची तक्रार सुरू झाली. ती नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात एका कंपनीत काम करते, नवरा-मुलांसह तिकडेच राहते. तपासणीत निघालं की तिला गहू चालत नाही, आणि हा त्रास आई-वडिलांकडून येतो, तेव्हा घरच्यांनीही तपासून घ्यावं. माझं काही निघालं नाही. बायकोचं निघालं. गहू बंद केल्यावर तीन महिन्यांत तिचं वजन वाढलं, आणि अडुसष्टाव्या वर्षी ती न थांबता दोन जिने चढली. मुलगी म्हणाली, बाबा, त्या काळात कोणाला माहीत होतं? मी म्हटलं, हो ना.

भाकरी आता घरात परत आली. पण बायकोची बोटं आखडतात, थापताना दुखतात. माझ्या भाकरीचे तव्यावर जाण्याआधीच तीन तुकडे होतात. त्यात तिला चार वाजताच्या चहाबरोबर डबलरोटी लागायची, जन्मभराचा तेवढाच तिचा शौक. तो गेल्याचं तिने एकदाच बोलून दाखवलं. मग मुलीने मला सोड्याच्या ब्रेडची कृती लिहून पाठवली. थापायचं नाही, फुगायची वाट पाहायची नाही, कालवायचं आणि भाजायचं. सोडा आणि आंबट एकत्र आलं की वेळ घालवायचा नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तरी पहिला ब्रेड बिघडला. शास्त्र येतं या घमेंडीत मी सोडा अंदाजाने टाकला. ब्रेड आतून पिवळा झाला आणि साबणासारखा लागला. बायको म्हणाली, "एवढ्यात चार सदरे धुवून निघाले असते." दुसऱ्या वेळी सोडा मोजून घातला. शेंगदाण्याच्या दुधात लिंबू पिळून ते फाटू दिलं, पिठात ओतलं, गोळा केला, वरून सुरीने फुली मारली आणि पाऊण तास भाजला. खालून टिचकी मारली तर पोकळ आवाज आला. गरम कापला की चिकट राहतो म्हणून दुपारपर्यंत त्याच्याकडे पाहत बसलो. चारला तिने दोन तुकडे कोऱ्या चहात बुडवून खाल्ले आणि तिसरा मागितला.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट बिघडलं. अगदी जुन्यासारखं.

मी गिरणीत गेलो. या ब्रेडची ज्वारी मी तिथल्या जुन्या ओळखीच्या चक्कीवर दळून आणली होती. भाकरीचं पीठ मुलगी पाकीटबंद पाठवायची, पण ब्रेडसाठी मी हौसेने वेगळी ज्वारी नेली होती. चक्कीवाल्याला विचारलं, माझ्या दळणाआधी काय होतं? तो म्हणाला, गहू, काका, दुसरं काय राहते? चक्कीत अडकलेला तो पसाभर गहू माझ्या पिठात उतरला होता. तीस वर्षं पाण्याचा नमुना घ्यायची बाटली तीन-तीनदा विसळणारा मी, चक्की विसळलेली नाही हे मला सुचलं नाही.

घरी येऊन सांगितलं तर ती अंथरुणावरूनच म्हणाली, "तुमचा ब्रेड चांगलाच हाये हो. माह्यंच पोट मेलं नतद्रष्ट. पयलेपासूनच."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी ऐकवलं नाही. स्वतःचीच चूक आहे असं मानत ती इतकी वर्षं जगली, आणि मी बोललो नाही तर तसंच मानत जाईल, हे मला एकदम लख्ख दिसलं. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि त्या डॉक्टरचं सगळं सांगितलं. बसमधलं खोटंही सांगितलं.

 तिने विचारलं, कोणत्या वर्षी? मी सांगितलं. डॉक्टर नेमकं काय म्हणाले? मी शब्दन् शब्द सांगितला. तिने तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

"म्हणजे मी नाटक करून नव्हती राहिली," ती म्हणाली.

"नाही."

"हे तुमाले माहीत होतं."

"हो."

"अन् आता काहून सांगून राहिले?"

 तिने कूस बदलली. संध्याकाळी उठली, मुगाची खिचडी टाकली, मला वाढली, स्वतः खाल्ली. माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली की पोरीला सांगा आणि माझ्या दादाला सांगा. पोरीला फोनवर चालेल, दादाला जाऊन सांगा.

मुलीने फोनवर ऐकून घेतलं आणि आईला फोन द्या, एवढंच म्हणाली. नंतर दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती घरघंटी गाडीत घालून. ती ओट्याच्या कोपऱ्यात बसवली, आणि त्यात गहू कधीच जाणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं.

मेहुण्याकडे जायच्या दिवशी मी पहाटे उठून पीठ मोजायला लागलो. बायको मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "ब्रेड घेऊन जाऊ नका. त्याच्यावर काम भागवू नका. रिकाम्या हातानं जा."

तसाच गेलो. मेहुणे आता ऐंशीच्या घरात आहेत. अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. जावई आले म्हणून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मी खाली बसवलं. सांगता सांगता माझ्याही हातात शेंगा आल्या आणि मी सोलू लागलो. माझं बोलणं संपलं तरी त्यांचे हात थांबले नव्हते.

मग ते म्हणाले, "जवाईबापू, तुमची चिठ्ठी आली अन् मी ते खरी मानली. तिले याच अंगणात म्हटलं, घडीघडी येऊन आमची इज्जत काहून घालवून राहिली वं? तव्हापासून सात वर्षं ती या घरी मुक्कामाले आली नाही. राखीले यायची, उभ्या उभ्या जायची."

भाऊ तिला असं बोलले होते, हे मला माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही सांगून मोकळे झाले," ते म्हणाले. "माह्यं काय करू आता?"

मी म्हटलं, तिला फोन लावा. त्यांनी माझ्याच फोनवरून लावायला सांगितला. मी लावून दिला आणि विहिरीकडे जाऊन उभा राहिलो. भाऊ-बहीण काय बोलले ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. मध्येच त्यांचं रडणं ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने हसणं. मग त्यांनी हाक मारून फोन माझ्याकडे दिला. बायकोने विचारलं, जेवले काय? मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, जेवल्याशिवाय निघू नका, माझ्या भावाच्या घरून कोणी उपाशी गेलं असं व्हायला नको.

पुढच्या आठवड्यात मेहुणे स्वतः आमच्याकडे आले. मी ब्रेड भाजत होतो. ते खुर्ची ओढून ओव्हनच्या काचेतून पाहत बसले आणि म्हणाले, "वा गा, पेन्शनीत बेकरी टाकली काय?" बायको आतून म्हणाली, "टाकली. पन मालकीण मी हावो." दोघं बहीण-भाऊ इतकं हसले की मलाही हसू आलं. परत जाताना ती त्यांच्याबरोबर गेली. एक महिना राहीन, म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

तिने मला माफ केलं का, हे मला माहीत नाही, आणि ते तिने मला सांगावंच असं नाही. पण आता कोणी माझं कौतुक करायला लागलं की ती शांतपणे म्हणते, पूर्ण गोष्ट विचारा त्यांना. मग मी पूर्ण गोष्ट सांगतो. काही लोक अवघडतात. काही बायका माझ्याकडे पाहत नाहीत, तिच्या हातावर हात ठेवतात. मला त्याने हलकं वाटतं, हे कबूल करायलाही थोडी लाज वाटते.

ती माहेरी जाऊन तीन आठवडे झाले. घर मोठं वाटतं, पण उदास वाटत नाही. रोज दुपारी फोन येतो. वहिनीशी भांडण झालं, शेतातली तूर निघाली, दोन किलो वजन वाढलं, असं काही ना काही सांगते. दर रविवारी मी ब्रेड फडक्यात बांधून बसने नेतो, आता न्यायची परवानगी आहे. उद्या पुन्हा जायचं आहे. पीठ दळून झालं, जवस भाजून ठेवला. तिथे मुक्काम करायचा की संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, ते गेल्यावर ती सांगेल.