डब्याच्या झाकणाखालचा आवाज

शोभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत केबल ओढत होतो. "सर, ताई गेली... झोपेतच," त्यांचा भाऊ सावनेरहून बोलत होता. मी "बरं" म्हणालो. असं कुणी म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं.

आमच्या लकडगंजच्या शाळेत शोभाताई अपंग मुलांच्या विशेष शिक्षिका, मी कॉम्प्युटर शिकवणारा. पूर्वी नावाची मुलगी पाचवीत आली आणि आमची गट्टी जमली. पूर्वीला सगळं कळतं, पण बोलता येत नाही आणि हात स्वतःच्या मर्जीने उडतात. म्हणून आम्ही तिच्यासाठी वर्गात एक कॉम्प्युटर बसवला. त्याच्या स्क्रीनवर चित्रं एकेक करून उजळायची. हवं ते उजळलं की तिने बटण दाबायचं, मग कॉम्प्युटर तिच्या वतीने बोलायचा. विकतचं बटण तिच्या झटक्याने तुटायचं. शेवटी ताईंनी आपल्या स्टीलच्या डब्याचं झाकण आणलं आणि माझ्याकडून त्याखाली तारा जोडून घेतल्या. पुढे त्यांचा डबा कायम रुमालाने बांधलेला असे.

कॉम्प्युटरचा तयार आवाज मात्र त्यांना पटेना. "सर, हे तं टीव्हीवरच्या बाईवानी बोलून राहिली. आपली पोरगी अशी बोलन का?" मग मधल्या सुट्टीत पंखा बंद करून, घामाघूम होत, त्यांनी एकेक वाक्य स्वतःच्या आवाजात भरलं. "मले पानी पाहिजे." "माह्यं डोकं दुखते." आणि पूर्वीचं सर्वांत लाडकं, "गप नं बे!" त्यावरून मुख्याध्यापकांनी त्यांना समज दिली, तरी ताईंनी ते काढलं नाही. "पोरीले भांडताबी आलं पाहिजे नं, सर," एवढंच म्हणाल्या.

त्या गेल्यावर चौथ्या दिवशी ऑफिसातून निरोप आला, त्यांचं कॉम्प्युटरवरचं खातं काढून टाका. मी काढलं. परीक्षेचे कागद, मुलांच्या नोंदी आधी नीट बाजूला ठेवल्या. मी शिस्तीचा माणूस ना! आवाजही त्याच खात्यात होते, हे डोक्यातच आलं नाही. दुसरी प्रत नव्हती.

दुसऱ्या दिवशी चित्र उजळलं, पूर्वीने झाकण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं... "सर, मशीन काहून बोलून नाही राहिली?" वर्गात तिच्याजवळ बसणाऱ्या तिच्या आईने विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती माउली पोरीची लाळ पदराने पुसत राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ताई गेल्याचं पूर्वीला आधीच सांगितलं होतं, तेव्हा ती रडली नव्हती. तिच्या लेखी ताई झाकणाखाली होत्याच. त्या दिवशी मात्र ती रडली.

यंत्र दोन दुकानांत नेलं. पुसलेलं परत येत नाही, असं दोघांनीही सांगितलं. मग तीच वाक्यं मी माझ्या आवाजात भरली, नंतर तिच्या आईच्या. पूर्वी दाबत नाही, तहान लागली तरी नाही. वर्गात ती पुन्हा मुकी झाली आहे आणि ते माझ्या हातून झालं. झाकण रोज पुसून तिच्यासमोर ठेवतो. ती त्यावर कान टेकवून बसते.