ओला हिरडा, सुका हिरडा

बर्वे सरांनी आलेखाचा कागद माझ्याकडे सरकवला आणि यात काय दिसतंय ते विचारलं. भाव वाढलाय आणि माल घटलाय, असं मी म्हणाले. सर खूश झाले. त्यांना हेच ऐकायचं होतं.

मुंबईतल्या एका छोट्या संशोधन संस्थेत मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर होते. म्हणजे गावोगाव फिरून फॉर्म भरून आणणारी. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. अर्थशास्त्रात एम.ए. केलं होतं, घर आटगावला. शहापूर-मुरबाडकडचे रस्ते माहितीचे, म्हणून ठाणे जिल्ह्यातलं काम आलं की ते माझ्याकडे यायचं. बर्वे सर आमचे प्रोजेक्ट डायरेक्टर. हुशार माणूस. कधी आवाज चढवायचे नाहीत.

प्रोजेक्ट हिरड्याचा होता. सिद्धगडाच्या बाजूच्या जंगलात हिरड्याची झाडं पुष्कळ. त्याचं कोवळं फळ औषधासाठी जातं. वाड्यांमधल्या बाया ते वेचतात आणि खाली एका सहकारी संस्थेच्या खरेदी केंद्रावर घालतात. त्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी भाव दीडपट केला होता. आणि त्या वर्षापासून केंद्रावर येणारा माल साधारण एक-तृतीयांशाने घटला होता. असं का झालं, हे शोधायला त्यांनी आम्हाला सांगितलं होतं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात असतं की भाव वाढला की माल जास्त येतो. पण पुढच्या एका धड्यात याला अपवाद सांगितलेला असतो. माणसाच्या गरजा थोड्या असतील, तर भाव वाढल्यावर तो कमी कामात भागवतो आणि उरलेला वेळ आरामात घालवतो. आलेखावर पुरवठ्याची रेघ वर जाता जाता मागे वळते. वर्गात हे सगळे शिकवतात, प्रत्यक्षात फारसं कुणाला सापडत नाही. सरांना वाटलं, आपल्याला सापडलं.

तरी त्यांनी घाई केली नाही. मला दिवाळीनंतर फॉर्म देऊन पाठवलं. भाव वाढल्यापासून केंद्रावर कमी माल नेता का? जंगलात पूर्वीपेक्षा कमी दिवस जाता का? घरी जास्त वेळ असता का? उत्तर हो किंवा नाही. मी पाच वाड्या फिरले, चाळीस फॉर्म भरले. जवळजवळ सगळ्या बायांनी तिन्ही प्रश्नांना हो म्हटलं. मी टिकमार्क करत गेले. एका घरात दहा मिनिटं लागायची.

रिपोर्टचा मसुदा तयार झाला. भाववाढीने माल वाढत नाही, उलट लोक काम कमी करतात. तेव्हा भाव पूर्वीच्या पातळीवर आणायला हरकत नाही, असं शेवटच्या पानावर होतं. सहकारी संस्थेच्या चेअरमनना ते फार पटलं. हंगाम संपायच्या आत बोर्डाची मीटिंग घेऊन पुढच्या वर्षीचा भाव खाली आणायचा, असं ठरलं. त्याच मसुद्यावरून सरांनी एक पेपरही लिहिला आणि अर्थशास्त्राच्या एका परिषदेला पाठवला.

रिपोर्टमध्ये दोन-तीन माणसांच्या हकिकती असाव्यात, असं सरांना वाटलं. म्हणून चैत्रात मी परत गेले. शहापूरहून मुरबाडची एसटी, पुढे जीप, मग पाऊण तास चढण. जांभळवाडीत चिमाबाईकडे गेले. दिवाळीनंतर तिचा फॉर्म मीच भरला होता. पन्नाशीची, सडपातळ, बोलायला मोकळी. तिने ओटीवर बसायला सांगितलं. ओटीपासून पलीकडच्या कातळापर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे हिरडा पसरलेला. कुठे हिरवा, कुठे सुरकुतलेला, कुठे काळा. तिची सून हातांनी तो परतत होती.

एवढा हिरडा इथे का, असं मी सहज विचारलं.

“सुकवाया घातलाय,” चिमाबाई म्हणाली. “ओला घेत नाय ते आता.”

कधीपासून, असं विचारलं, तर म्हणाली, भाव वाढला तेव्हापासूनच. पूर्वी सकाळी वेचायचा आणि दुपारी तसाच पाटीत भरून खाली न्यायचा. आता पाच-सहा दिवस उन्हात घालायचा. गुरं तुडवतात, शेळ्या तोंड घालतात, वळवाची सर आली तर सगळा बुरशी धरतो. म्हणून एकीला घरी बसावंच लागतं. सासू एक दिवस जंगलात, सून एक दिवस. पण रोज दुपारी खाली जायचं नसतं, म्हणून जी जाते ती अंधार पडेपर्यंत दोघींचा वेचून आणते.

मी वही मिटली. तिने दिवाळीनंतर सांगितलेलं सगळं खरं होतं. ती जंगलात कमी दिवस जात होती. घरी जास्त वेळ थांबत होती. केंद्रावर कमी किलो नेत होती. घरी काय करता, हे मी विचारलं नव्हतं. फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता.

चिमाबाईने विचारलं, मागच्या खेपेला लिहून नेलंत त्याचं काय झालं. खोटं सांगता येईना. भाव वाढल्यावर तुम्ही काम कमी केलंत, असा त्याचा अर्थ लावलाय, असं मी सांगितलं.

तिने हिरड्यात तोंड घालायला आलेली शेळी हाकलली. मग म्हणाली, “मंग आमी बसून खातो असं लिवलंय व्हय तुमी, बाय?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी तिथून खाली केंद्रावर गेले. तिथला क्लार्क सज्जन होता. त्याने खरेदीचं रजिस्टर काढून दाखवलं. तारीख, नाव, किलो, भाव. ओला की सुका, याला रकाना नव्हता. ओला माल गोदामात कुजतो, म्हणून जुन्या बोर्डाने सुका घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठीच भाव वाढवला; नव्या बोर्डापुढे नुसते किलोच गेले, असं तो म्हणाला. हे तुम्ही आम्हाला का कळवलं नाही, असं मी विचारलं. त्याने साधं उत्तर दिलं: “तुम्ही किलो मागितले, मॅडम. किलो दिले.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सुकल्यावर वजन किती घटतं ते सांगा. एका बाईच्या अंगणावरून मी रिपोर्ट बदलू शकत नाही.” मला ते थोडं लागलं, पण त्यांचं बरोबर होतं. मीटिंगला नऊ दिवस होते.

मी स्प्रिंगचा काटा घेऊन निघाले. तीन वाड्यांत, तीन घरी, त्याच दिवशी वेचलेला पाच-पाच किलो ओला हिरडा तोलला आणि वेगळा पसरून ठेवला. जांभळवाडीत चिमाबाईकडून तोलून घेतला. तिला मजा वाटली. मी दोन दिवस तिथेच राहिले, तिच्याबरोबर जंगलात गेले. वेचायला जेवढी मेहनत होती, तेवढीच सुकवायला होती, हे मला खांद्यांना कळलं. सहाव्या दिवशी तिन्ही ठिकाणी परत वजन केलं. कुठेच पाचाचे दोन किलोसुद्धा भरले नाहीत.

सरांनी कागदावर हिशेब मांडला. माल घटला होता एक-तृतीयांशाने, पण सुकल्यावर वजन निम्म्याहून जास्त घटत होतं. म्हणजे जंगलातून आलेला हिरडा पूर्वीपेक्षा वाढला होता. मग त्यांनी भावाचा हिशेब केला आणि पेन खाली ठेवलं. भाव दीडपट, वजन निम्म्याहून कमी. तेवढीच पाटी वेचून बाईच्या हातात पूर्वीपेक्षा कमी पैसे येत होते.

“म्हणजे भाव वाढलाच नव्हता,” सर म्हणाले. “उतरला होता. आणि तरी त्यांनी जास्त वेचला.”

“घर तर तसंच चालवायचं होतं, सर,” मी म्हणाले.

त्यांनी मसुद्याचं शेवटचं पान काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “माझा सिद्धांत चुकीचा नाही. मी तो वजन कशाचं आहे हे न विचारता लावला. त्यात वाईट एवढंच की तो अगदी चपखल बसला. बसला नसता तर मी दुसऱ्या दिवशी जांभळवाडीत असतो.”

फॉर्म मी भरले होते, याची मी त्यांना आठवण करून दिली. “प्रश्न मी लिहिले होते,” ते म्हणाले. यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मीटिंगला ते स्वतः आले, एसटीने. बोर्डासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की आमच्या रिपोर्टचा निष्कर्ष चुकीचा आहे आणि आम्ही तो मागे घेतो. चेअरमनना ते आवडलं नाही. आधी एक सांगता, मग दुसरं सांगता, उद्या तिसरं सांगाल, असं ते म्हणाले. सरांनी ते ऐकून घेतलं आणि तीन वाड्यांची वजनं वाचून दाखवली. मागे दाराशी पाच-सहा बाया बसल्या होत्या. त्यांना वाचून दाखवायची गरज नव्हती.

भाव उतरवायचा ठराव बारगळला. सुक्याचा भाव थोडा वाढला. सरांना हवा होता तेवढा नाही, पण वाढला. रजिस्टरमध्ये ओला आणि सुका असे दोन रकाने आले. परिषदेचा पेपर सरांनी परत मागवला. त्याऐवजी रजिस्टरमधल्या आकड्यांवर विसंबण्याबद्दल त्यांनी आठ पानांची टिप्पणी लिहिली. ती कुणी वाचल्याचं मला माहीत नाही. चिमाबाईला मी नवा रिपोर्ट वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

पुढे मी आमच्या संशोधन संस्थेतच सिनिअर झाले आणि नव्या इन्व्हेस्टिगेटर मुलामुलींचं ट्रेनिंग माझ्याकडे आलं. प्रश्न कसे विचारायचे, हे त्यांना मॅन्युअलमध्ये मिळतं. मी एकच गोष्ट वरून सांगते. ज्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याबरोबर आधी एक दिवस काम करा. त्या दिवसाचा भत्ता संस्था देत नाही, हेही तेव्हाच सांगून टाकते.