भिंगताई गप्प बसल्या तो शनिवार

भिंगताई जन्मल्या तेव्हा त्यांच्या हातात भिंग नव्हतं, असं त्यांची आई शपथेवर सांगायची. ऐकणाऱ्यांचा मात्र विश्वास बसायचा नाही.

शर्टांच्या कारखान्यात त्या तेवीस वर्षं तपासणीच्या टेबलावर आहेत. शिवून आलेला शर्ट समोर पसरायचा, कॉलरपासून शेवटच्या बटणापर्यंत डोळ्यांत तेल घालून बघायचा, टाका चुकला असेल तिथे लाल दोरा बांधायचा आणि ज्यानं शिवला त्याच्याकडेच तो परत पाठवायचा. गळ्यात काळ्या नाडीला लोंबणारं गोल भिंग. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि असं चिकटलं की घरी पाहुणे आले तरी "भिंगताई आहेत का?" असंच विचारतात.

शनिवारी दुपारी कारखाना सुटला की भिंगताई थेट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. तिथे तेरा ते एकोणीस वयाची मुलं-मुली जमतात. गाणी होतात, खेळ होतात, पवित्र शास्त्रातली एक गोष्ट होते आणि मग त्या गोष्टीवरून कडाक्याचं भांडण होतं. हा तरुण संघ भिंगताई अकरा वर्षं चालवतायत. का चालवतात, ते फक्त नवऱ्याला माहीत आहे. पंधराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि त्या कारखान्यात बटणं लावायला बसल्या. आठवडाभर त्यांना एकच प्रश्न विचारला जायचा: "किती झाली?" मग एका शनिवारी याच हॉलमध्ये कुणीतरी त्यांना विचारलं, "या गोष्टीत तुला काय वाटलं?" त्यांनी मागे वळून बघितलं, मागे कुणी बसलंय का म्हणून. मागे भिंत होती. देव माणसाशी बोलतो, भिंतीशी नाही, हे भिंगताईंना त्या दिवशी पटलं ते कायमचं.

तर असा हा हॉल. आणि तोच बंद व्हायची वेळ आली.

चर्चच्या पंचमंडळाचे सचिवकाका म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. कुठलंही वाक्य सोडायच्या आधी ते 'नाही म्हणजे, अर्थातच' अशी शिट्टी वाजवतात. "नाही म्हणजे, अर्थातच, तरुण संघाचं शिबिर व्हावं. कोण नाही म्हणतंय? पण नियम काय सांगतो? आठ मुलांमागे एक मोठं माणूस. नावं आलीत छप्पन्न. मोठी माणसं हवीत सात. तुझ्याकडे किती?"

"दोन," भिंगताई म्हणाल्या.

"कोण कोण?"

"मी आणि हे."

'हे' मागच्या बाकावर बसले होते. ते म्हणाले, "हं."

चर्चचे पाळकसाहेब चांगले माणूस, पण बाजारात कांदे मागतानाही शेवटचा शब्द उपदेशासारखा लांबवतात. "ताई, मी काय म्हणतोऽऽ, आधी पाच जण होते नाऽऽ? ते गेले कुठेऽऽ?"

"लोकांना हल्ली वेळ नसतो, पाळकसाहेब."

"तीन आठवडे आहेत," सचिवकाकांनी वही मिटली. "सात जण झाले, त्यांना काम जमलं, तर ठीक. नाहीतर शिबिर नाही आणि शनिवारही नाही. एवढी मुलं दोन माणसांच्या भरवशावर ठेवता येत नाहीत, अर्थातच."

यात चूक काढायला भिंगताईंनी मनातल्या मनात भिंग लावून बघितलं. एकही टाका चुकलेला नव्हता.

वाटेत त्या नवऱ्यापुढे कडाडल्या. "वेळ नाही म्हणे! मला आहे तो वेळ? मी कुठून आणते?"

"हं," नवरा म्हणाला. त्याच्याकडे तीन प्रकारचे 'हं' आहेत. एक 'हो', एक 'चहा हवा' आणि एक 'मला काही बोलायला लावू नकोस'. हा तिसरा होता.

"काय हं? नीट बोला."

"मला कशाला विचारतेस? त्यांनाच विचार."

दुसऱ्या दिवशी भिंगताई सलूनच्या दारात उभ्या राहिल्या. सलूनवाला पाच जणांतला पहिला. त्याच्या बोलण्यात स्वल्पविराम नसतो, कात्री असते. "वेळ? (कच्) वेळ आहे की, ताई. (कच् कच्) मान खाली, साहेब."

"मग यायचं का सोडलंत, दादा?"

"हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली होती मी. (कच्) आठवडाभर तयारी केली. गिऱ्हाइकांना सांगून सांगून पाठ केली. या साहेबांनाही सांगितली." साहेबांनी मान खालीच ठेवून साक्षीला हात वर केला. "झक्कास झाली. पोरं चिडीचूप. मी मनात म्हटलं, जमलं! तेवढ्यात तुम्ही उठलात." कात्री थांबली. "'दादांना म्हणायचंय काय, की...' आणि ते मेंढरू पहिल्यापासून परत हरवलं!"

साहेब खो खो हसले. "मान!" सलूनवाला ओरडला.

भिंगताई तिथून दवाखान्यात गेल्या. नर्सबाई सगळ्यांशी सुई टोचल्यासारखं बोलतात: आधी टोचतात, मग कापूस लावतात. "मी रंगवलेला फलक तू घरी नेऊन परत रंगवलास. मला कळलं नाही असं वाटलं? दुखतंय? दुखणारच. दीर्घ श्वास घे."

टेम्पोवाला म्हणाला, "मी गाणं शिकवायचो, ताई, आणि तुम्ही माझ्या आवाजाच्या वर आवाज चढवून गायचात." झेरॉक्सच्या दुकानातल्या जुळ्या बहिणी एक वाक्य दोघींत वाटून घेतात. "आम्ही खुर्च्या..." "...लावायचो." "आणि तुम्ही त्या..." "...परत लावायचात." मग दोघी एकदम: "सरळच होत्या!"

भिंगताई घरी आल्या त्या तोंड एवढंसं करून. पाच माणसांना वेळ होता. पाचही माणसांना.

सोमवारी कारखान्यात एका नव्या शिलाईवालीचा शर्ट टेबलावर आला. खिसा तिरका. भिंगताईंनी लाल दोरा बांधला आणि शर्ट तिच्याकडे सरकवला.

"ताई, तुम्हीच मारा ना चार टाके," पोरगी काकुळतीला आली. "तुम्हाला दोन मिनिटांचं काम."

"मी मारले तर तुझा हात कधी बसणार?" भिंगताई सवयीनं म्हणाल्या.

आणि पुढचा शर्ट उचलता उचलता थांबल्या. तेवीस वर्षांत या टेबलावर त्यांनी दुसऱ्याच्या शर्टाला सुई लावली नव्हती. मग शनिवारी हॉलमध्ये शिरल्या की काय व्हायचं? तिथे त्या सगळं उसवत बसायच्या. फलक, खुर्च्या, गाणं, मेंढरू. आणि शिवणारा मात्र हात चोळत बाजूला उभा.

त्या संध्याकाळी त्यांनी प्रार्थना केली, ती एरवीपेक्षा बरीच आखूड. "प्रभू, मला बसायला शिकव."

मग पाचही जणांना सलूनमध्ये बोलावलं. दोन खुर्च्या, एक बाक आणि आरशांमुळे दुप्पट गर्दी. भिंगताई उभ्याच राहिल्या. "माझं चुकलं. तुमच्या हातातलं काढून घेत राहिले आणि वर म्हणत राहिले, माणसं मिळत नाहीत. शिबिर तुम्ही पाच जणांनी करायचं. मी कशाला हात लावणार नाही."

"तोंड?" सलूनवाल्यानं विचारलं.

"तोंडही नाही."

"एकदम बंद करू नकोस," नर्सबाई म्हणाल्या, "त्रास होईल." आणि कापूस लावल्यासारखा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी येते."

"आम्ही पण..." "...येतो."

टेम्पोवाला नुसता गुणगुणायला लागला. सगळ्यांनी सलूनवाल्याकडे बघितलं. त्यानं आरशात बघून आधी आपलेच केस विंचरले. "गोष्ट मी सांगणार. शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत," भिंगताईंनी शब्द दिला.

शिबिराच्या शनिवारी दाराजवळ एक खुर्ची ठेवलेली होती. ती भिंगताईंची. शेजारची सचिवकाकांची, ते वही घेऊन आले होते. "सात आहेत, अर्थातच. आता जमतंय का ते बघू. संध्याकाळी पंचांपुढे मला सांगायचंय."

जुळ्या बहिणींनी छप्पन्न खुर्च्या मांडल्या, त्याही रांगेत नाही, गोल. गोलही कसला, पोट सुटलेला गोल. भिंगताईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. टेम्पोवाल्यानं गाणं वरच्या पट्टीत उचललं. अर्धी मुलं किंचाळली, अर्धी हसली, मग त्यानंच हसत ते खाली आणलं आणि छप्पन्न गळे एकदम लागले. नर्सबाईंनी मुलांचे गट पाडले, इतक्या झटपट की कुणाला रुसायला सवडच मिळाली नाही. भिंगताईंना एव्हाना घाम फुटला होता. नवरा चहाचा कप घेऊन आला, त्यांच्या दाबलेल्या हातांकडे बघितलं, म्हणाला, "हं," आणि कप त्यांच्या ओठांशी धरला.

मग गोष्ट.

सलूनवाला गोलाच्या मधोमध उभा राहिला. वादळाची गोष्ट. हातात कात्री नव्हती, तरी दोन बोटं चालूच होती. "सरोवर! नाव! वारा कसला म्हणता? सूं सूं! लाटा नावेत शिरतायत, शिष्य घाबरलेत, आणि प्रभू येशू कुठे? झोपलेला! उशीवर डोकं ठेवून, गाढ!" मुलं पुढे सरकली. "तर नावाडी येतो, त्याला हलवतो, म्हणतो, ऊठ, झोपलास काय! मग सगळे चिठ्ठ्या टाकतात, हे वादळ कुणामुळे आलं म्हणून. आणि चिठ्ठी निघते..."

भिंगताई खुर्चीत ताठ झाल्या. चिठ्ठ्या? चिठ्ठ्या योनाच्या गोष्टीत! देवापासून पळून निघालेला तो संदेष्टाही नावेत झोपलेला, वादळही तसंच. सलूनवाल्यानं भरसमुद्रात एका नावेतून दुसऱ्या नावेत उडी मारली होती. आणि तो थांबायला तयार नव्हता. "...मग ते त्याला उचलतात, एक, दोन..."

'दादांना म्हणायचंय काय' हे तीन शब्द भिंगताईंच्या दातांमागे येऊन धडकले. त्यांनी दात घट्ट मिटले. शेजारी सचिवकाका उठायला लागले. "नाही म्हणजे, अर्थातच, हे साफ..."

भिंगताईंचा एक हात मांडीखालून सुटला आणि त्यानं काकांची बाही पकडली. "काका, खाली बसा."

स्टेशनमास्तरला असं कुणी कधी थांबवलं नव्हतं. ते बसले.

"ओ दादा! येशूला फेकताय कुठे?" एक पोरगा ओरडला. "तो योना!" "योनाला मासा गिळतो!" "अहो, शिष्य कसे फेकतील?" हॉलमध्ये एकच कल्ला. सलूनवाल्याचे दोन्ही हात हवेत, येशूला धरल्यासारखे. त्याचा चेहरा पडला. त्यानं दाराकडे बघितलं. भिंगताई बसून होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघून फक्त मान हलवली: चालू दे.

सलूनवाल्यानं हात हळूच खाली घेतले. "बरं," तो म्हणाला, "चुकलो. दोन नावांची सरमिसळ केली मी. आता तुम्हीच निस्तरा. दोघं झोपलेले, दोघांच्या नावेत वादळ. फरक काय?"

मग पानांची सळसळ. छप्पन्न पवित्र शास्त्रं, त्यांतली निम्मी आजवर फक्त काखेतून फिरलेली, धडाधड उघडली. कुणी मार्काचं शुभवर्तमान शोधतंय, कुणाला योनाचं पुस्तक सापडत नाही, कुणी ओरडतंय, "अरे, ते चारच पानांचं आहे!" गट एकमेकांशी तावातावानं भांडायला लागले. एक पळत होता, एक पळत नव्हता. एकाला नावाड्यांनी उठवलं, एकाला मित्रांनी.

तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. वर्षभर येत होती, हजेरीला 'हो' म्हणण्यापलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "योनाला बाहेर टाकल्यावर वादळ थांबलं," ती म्हणाली. "पण येशू नावेतच राहिला, आणि मग थांबलं. म्हणजे... तो आपल्याला वादळात टाकून जात नाही. आपल्याबरोबर भिजतो."

मग टेम्पोवाल्यानं टाळी वाजवली, आणि हॉलचे पत्रे थरथरतील इतक्या टाळ्या झाल्या. सलूनवाला डोळे पुसत म्हणाला, "ही गोष्ट मी आता दुकानात अशीच सांगणार. चुकीसकट!"

भिंगताईंना उठून सांगण्यासारखं खरंच काही उरलं नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तरुण संघ नुसता बघितला. डोळे भरून आले, तेही त्यांनी पुसले नाहीत, वाहू दिले.

संध्याकाळी सचिवकाका वही उघडी ठेवूनच उभे राहिले. "नाही म्हणजे... अर्थातच... हॉल चालू राहील. मी पंचांना सांगतो. आणि आज अठरा पूर्ण झालेल्या चौघांनी मदतीला नावं दिलीत. म्हणजे अकरा." त्यांनी घसा खाकरला. शिट्टी वाजलीच नाही. "बारा. मलाही एक गोष्ट सांगायची आहे. पुढच्या शनिवारी जमेल का?"

सगळ्यांच्या माना भिंगताईंकडे वळल्या. भिंगताईंनी सलूनवाल्याकडे बोट दाखवलं.

सलूनवाल्यानं सचिवकाकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जमेल, काका. आधी मंगळवारी दुकानात या. पाच-सहा गिऱ्हाइकांवर हात बसवू."