नानांचा आठ इंची आरसा

किस्से मुद्दाम कुणी साठवत नाही. दुकानात काचेची भुकटी साचते तसे ते साचतात आणि झाडायला घेतलं की सगळीकडे उडतात.

माझं जळगावात चष्म्याचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही चौघं आत बसायचो. मी, शेजारचे काच-आरसेवाले सलीमभाई, धुळ्याहून एस.टी.नं येणारे शाळेतले सर, आणि पाइपच्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवून रिटायर झालेले नाना. चौघांना वेड एकच, दुर्बिणीचं! नाना जाऊन आता वर्ष होईल. तिघं अजून जमतो. बोलायला बसतो दुर्बिणीवर आणि निघतात नानांचे किस्से. हसतो खूप. मग कुणीतरी चौथा चहा सांगून बसतं, आणि तो तसाच थंड होतो.

*

सुरुवात सरांच्या भिंगाच्या दुर्बिणीनं झाली. पुढे मोठं भिंग, ते लांबच्या वस्तूचं चित्र नळीच्या आत पाडतं. मागे लहान भिंग, ते त्या चित्राला मोठं करून दाखवतं. सोपं काम. फक्त चित्र उलटं दिसतं.

नाना मूळचे साक्रीकडचे. त्यांच्या आग्रहानं ती दुर्बीण आम्ही साक्रीच्या बाजारात मांडली आणि समोरच्या टेकडीवरच्या देवळावर लावली. पहिलेच गावातले एक म्हातारे आबा आले, डोळा लावला आणि ताडकन मागे झाले. देऊळ उलटं! कळस खाली!

सरांनी समजावलं, "आबा, ही ताऱ्यांसाठी आहे. आकाशात वर-खाली असं काही नसतंच."

आबा अहिराणीत म्हणाले, "तुमना आकाशमा नही ऱ्हाई. आमना गावमा शे!"

नाना परत येताना एस.टी.त हसून हसून रडले. सरांना ते 'आमना गावमा शे', म्हणजे आमच्या गावात आहे, त्यांनी पुढे दोन वर्षं ऐकवलं.

*

भिंगाचा दुसरा त्रास रंगाचा. चंद्राच्या कडेला निळी झालर दिसायची. सलीमभाई म्हणाले, "उजेड काचेच्या आत शिरला की रंग फुटणारच. आरशाचं तसं नाही, नाना. आरशावरून तो वरच्या वर परत फिरतो."

झालं! नानांनी ठरवलं, आठ इंची आरसा स्वतःच्या हातानं घासायचा आणि त्यातून शनीची कडी बघायची.

सलीमभाईंनी जाड काचेच्या दोन गोल चकत्या कापून दिल्या. पिंपावर एक बसवायची, तिच्यावर दुसरी ठेवायची, मध्ये ओली कुरुंदाची पूड, आणि घासत राहायचं. वरची हळूहळू खोलगट होते, तिचा आरसा. खालची फुगते, ती टाकून द्यायची. घासताना सगळीकडून सारखा दाब पडावा म्हणून पिंपाभोवती फिरावं लागतं. नाना अंगणात महिनोन् महिने फिरत होते.

त्यांच्या घरच्या, आमच्या अक्का, एक दिवस ओट्यावरून म्हणाल्या, "मन्हासंगे सातच फेरा व्हयनात. ह्या काचसंगे कितला व्हयनात?"

नाना न थांबता म्हणाले, "ती बोलत नही, म्हनीसन!"

*

आरसा बरोबर झाला का ते अंधारात बघतात. समोर बारीक दिवा ठेवायचा आणि आरशावरून परत येणारा उजेड ब्लेडच्या धारेनं जरा अडवायचा. मग काचेवर केसाच्या कितीतरी पटीनं बारीक उंचवटा असला, तरी तो टेकडीसारखा उठून दिसतो. माझ्या दुकानात डोळे तपासायची अंधारी खोली होतीच.

नानांच्या आरशात मधोमध टेकडी दिसली. त्यांनी ती घासली. पुन्हा बघितलं, पुन्हा टेकडी! आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी सकाळी सलीमभाईंनी रात्रभर तसाच पडलेला आरसा तपासला, तर मध्ये चक्क खड्डा.

मग उलगडा झाला. लेथवाल्याची सवय! काम झालं की घडवलेल्या जॉबवर हात फिरवून बघायचं. नाना तपासायच्या आधी प्रत्येक वेळी काचेवर प्रेमानं तळहात फिरवत होते. हाताच्या उबेनं काच तेवढीच फुगायची, आणि गार झाली की टेकडी आपोआप खाली बसायची.

नानांनी स्वतःचा तळहात उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "म्हनजे आठ दिन मी मन्हाच हात घासी ऱ्हायंतू?"

*

मग नानांना ताप येऊ लागला, आणि रिपोर्ट आले. त्यात काय होतं ते डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. नानांना ते आत कळलंच होतं.

त्याच महिन्यात सर जुनी टीव्हीची डिश घेऊन आले. ही पण दुर्बीणच, फक्त उजेडाऐवजी रेडिओ लहरी गोळा करते. डिशच्या खोलगट भागावरून त्या परततात आणि पुढच्या टोकावर एकवटतात. सूर्याकडे फिरवली की तिला जोडलेल्या मीटरचा काटा चढायचा, मोकळ्या आकाशाकडे नेली की पडायचा. नाना सहज समोर येऊन उभे राहिले, आणि काटा चढला!

सर म्हणाले, "गरम अंगातून पण थोड्या लहरी निघतात, नाना."

नानांनी काट्याकडे बघितलं. "डॉक्टरले सांगजात, आजून सिग्नल शे!"

आम्ही मोठ्यानं हसलो. सलीमभाई मात्र पान आणायला म्हणून गेले, ते खूप वेळ आलेच नाहीत.

*

शेवटी आरसा झाला. आता अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा द्यायला बाहेरगावी पाठवायचा होता. एकदा मुलामा चढला की त्याला बोट लावायचं नाही. तो परत येईपर्यंत नाना राहणार नाहीत, हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

नाना दुकानात येऊ शकत नव्हते, म्हणून आम्हीच सगळं त्यांच्या घरी नेलं. भरदुपारी खिडकीवर घोंगडी टांगली. आरसा खाटेशी, दिवा आणि ब्लेड दाराशी. सरांनी बघितलं. काच एकसारखी, कुठे टेकडी नाही, खड्डा नाही.

नाना म्हणाले, "एक डाव हात लावू द्या."

कोण नाही म्हणणार! त्यांनी अंगठा काचेच्या मधोमध ठेवला, अर्धा मिनिट तसाच धरला, आणि हात खाली टाकून डोळे मिटले.

अक्कांनी आजवर एकाही दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. त्या आपण होऊन दाराशी येऊन बसल्या. मी त्यांना ब्लेडमागे कुठे बघायचं ते दाखवलं.

"अंगठा दिखस," त्या हळूच म्हणाल्या.

काचेवर तो उठला होता, आणि गार होत होत बसत चालला होता. अक्का हलेनात. खाटेवर नानांना झोप लागली होती. बऱ्याच वेळानं सलीमभाईंनी बटणाकडे हात नेला.

"लाइट लावू नका, भाऊ," अक्का म्हणाल्या. "आजून शे."