अर्जेंटिनाहून तुटलेली रसद

मी आयुष्यात दीड दिवस अर्जेंटिनाचा रहिवासी होतो. त्या दीड दिवसात मी दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटमधून एकदाच बाहेर पडलो, तेही दूध आणायला.

सगळं सुरू झालं ते सईच्या गेमवरून. सई आमची मुलगी, तेव्हा नववीत. तिची जिवलग मैत्रीण रुबिना इनामदार. इनामदार मूळचे कोल्हापूरचे, पण आमची ओळख लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांमधली. भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे या दोघी जेवायच्या एकीकडे आणि झोपायच्या दुसरीकडे. मग आम्ही कर्ज काढून द्वारकेत फ्लॅट घेतला आणि इनामदारांची बदली गुवाहाटीला झाली. केंद्र सरकारच्या नोकरांची मुलं बदलीच्या ऑर्डरीबरोबर मैत्रिणीही बदलतात असं म्हणतात. या दोघींनी मात्र ती ऑर्डर मानलीच नाही. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की एक द्वारकेत आणि एक गुवाहाटीत, कानाला हेडफोन लावून टीव्हीसमोर बसायच्या आणि एकाच गेममध्ये शिरून राक्षस मारायच्या.

"रुबी, पीछे देख यार! अगं, डावीकडून येतोय तो!"

नव्या सोसायटीत सई गप्प गप्प झाली होती. आठवड्यातून एकदा तिचं मोठ्यांदा हसणं ऐकू यायचं ते त्या रविवारी. त्यामुळे त्या राक्षसांविषयी माझ्या मनात खरोखर कृतज्ञता होती.

मग त्या गेमचा नवा भाग आला. रुबिनाला तिच्या मामांनी वाढदिवसाला तो घेऊन दिला. सईकडे तो नव्हता, आणि दोघींकडे असल्याशिवाय एकत्र खेळता येत नव्हतं.

"घेऊन टाकू की," मी उदारपणे म्हणालो आणि टीव्हीवर किंमत बघितली. खुर्चीत होतो म्हणून वाचलो!

"सई, हे काय? यात मशीनपण येतं का?"

"नाही बाबा, फक्त डाउनलोड."

"डबा?"

"डबा नाही."

"मग ट्रक, जकात, गोडाऊन, दुकानदाराचं भाडं, काहीच नाही? मग हे पैसे कशाचे?"

"बाबा, अमेरिकेत जेवढे डॉलर, तेवढ्याचेच इथे रुपये करतात. अर्जेंटिनात म्हणे खूप स्वस्त आहे."

झालं! माझ्या डोक्यात सणक गेली. अमेरिकेतला बाप डॉलरमध्ये कमावतो, मी वेतन आयोगाच्या कृपेने रुपयांत, आणि किंमत मात्र दोघांना एकच? बरं, सगळ्यांना एकच असती तरी मी गप्प बसलो असतो. (बसलो नसतो, पण तसं म्हणायची पद्धत आहे.) पण अर्जेंटिनाला सूट आणि आम्हाला नाही? आमच्या घराचं तर तत्त्वच होतं की वस्तू जिथे स्वस्त मिळते तिथे जाऊन घ्यायची. आमची ही, म्हणजे शुभांगी, दर वर्षी थंडीच्या आधी सोसायटीतल्या चार बायका गाडीत घालून पानिपतला जायची आणि चादरी, ब्लँकेटं, टॉवेल असा सगळ्यांचा माल घाऊक भावात उचलून आणायची. पानिपतावरून मराठी माणसाने काही जिंकून आणल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

"आई पानिपतला जाते, तर आपण अर्जेंटिनाला जाऊ," मी जाहीर केलं.

शेजारच्या चड्ढाजींनी मार्ग दाखवला. "भाईसाहब, कंट्री चेंज कर लो बस. मेरे भांजे ने भी किया है. दो मिनट का काम!"

शनिवारी सकाळी शुभांगी पानिपतकडे निघाली आणि मी अर्जेंटिनाकडे. सईच्या गेमच्या खात्यात देश बदलला. पुढे पत्ता मागितला. आता मी पडलो सरकारी नोकर. खोटा पत्ता लिहायला हात धजेना. म्हणून मी खरा पत्ता लिहिला. सेक्टर अकरा, द्वारका, आणि खाली देश अर्जेंटिना. अंतरात्माही शांत, कामही फत्ते!

पुढच्या क्षणी टीव्ही स्पॅनिश बोलायला लागला. सईचे जुने गेम यादीतून गायब झाले. मी डगमगलो नाही. बदलीच्या गावी सामान नेहमी उशिराच पोचतं. कार्डाचा नंबर घातला. लाल अक्षरांत काहीतरी आलं. पुन्हा घातला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा मी नंबर हळूहळू, एकेक आकडा मोठ्याने म्हणत घातला, म्हणजे स्पॅनिश मशीनलाही समजावा.

"बाबा, बस ना यार! खातं लॉक होईल!"

तेवढ्यात फोन वाजला. बँकेतून.

"सर, आपके कार्ड से अर्जेंटीना में पेमेंट की कोशिश हो रही है. क्या ये आप कर रहे हैं?"

इथे 'हो, मीच' एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण 'अर्जेंटिना' हा शब्द बँकेच्या तोंडून ऐकल्यावर मला डोळ्यांपुढे थेट विभागीय चौकशी दिसली. परदेशी व्यवहार! विनापरवानगी!

"नहीं नहीं!" मी ओरडलो. "मैं तो द्वारका में हूँ! मेरा अर्जेंटीना से कोई संबंध नहीं है!"

"चिंता मत कीजिए सर. इस खाते के दोनों कार्ड हमने ब्लॉक कर दिए."

मी त्याचे मनापासून आभार मानले. आणि फोन ठेवता ठेवता आठवलं की त्यातलं दुसरं कार्ड पानिपतला गेलंय.

आठवायला आणि शुभांगीचा फोन यायला एकच गाठ पडली.

"अहो, इथे काउंटरवर छातीएवढा ढीग लागलाय चादरींचा. सोसायटीच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत. आणि कार्ड चालत नाहीये!"

मी सगळं सांगितलं. 

"तेव्हाही पानिपतावर आपली रसदच तुटली होती ना?" ती शांतपणे म्हणाली. "पण ती निदान शत्रूने तोडली होती."

चादरींचं निभावलं. दुकानदार शुभांगीला वर्षानुवर्षं ओळखत होता. "बहनजी, माल ले जाइए, पैसे पहुँच जाएँगे," म्हणाला, आणि वर एक टॉवेलही घातला. घाऊक भाव, विश्वास आणि वर टॉवेल! हे गेमवाल्यांनी शिकण्यासारखं आहे, असं मी सईला सांगायला गेलो, तर ती टीव्हीसमोर रडत होती. खातं खरंच लॉक झालं होतं. नवा गेम राहिला बाजूला, आता जुनाही गेला, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. माझी अक्कल तिथे ठिकाणावर आली.

मी गेमच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. लावताना इंग्रजीतली माफी पाठ करून ठेवली होती, पण पलीकडून एक मुलगी म्हणाली, "सर, हिंदी में बोल सकते हैं. हम तो गुड़गाँव में बैठते हैं."

गुडगाव! म्हणजे मी गॅलरीत ज्या दिशेला कपडे वाळत घालतो, ती दिशा!

"बेटा," मला राहवेना, "तो कंपनी आपकी तनख़्वाह गुड़गाँव के हिसाब से देती है, और गेम का दाम अमेरिका के हिसाब से लेती है?"

ती म्हणाली, "सर, ये कॉल रिकॉर्ड हो रही है." पण ती हसतेय हे मला ऐकू आलं.

मी भारतात राहतो याचा एक पुरावा तिने मागितला. असा प्रश्न सरकारी नोकराला विचारू नये. मी गॅसचं बिल, विजेचं बिल, पासपोर्ट, मतदार कार्ड आणि ऑफिसचं ओळखपत्र, प्रत्येकावर सही ठोकून पाठवून दिलं. तिचा फोन आला. "सर, एक ही काफ़ी था. आपके काग़ज़ देखकर पापा याद आ गए. वो भी सरकारी नौकरी में थे." मग मी सईच्या मैत्रिणीचं आणि रविवारचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कल दोपहर से पहले हो जाएगा सर. और एक बात... नया वाला अभी मत लीजिए. दिवाली पर इंडिया में सेल लगती है."

रविवारी जेवणं व्हायच्या आत आम्ही सहकुटुंब भारतात परतलो. सईने घाबरत घाबरत रुबिनाला विचारलं, "तू नवीनवाल्यात किती पुढे गेलीस?"

हेडफोन कानाला लागायचा होता, त्यामुळे उत्तर मलाही ऐकू आलं.

"सुरूच नाही केला. तुझ्याशिवाय कसा करणार, पागल?"

मी चष्मा पुसत गॅलरीत गेलो आणि गुडगावच्या दिशेने हात जोडले. चड्ढाजींना वाटलं, मी सूर्याला नमस्कार करतोय. (भर दुपारी!) दिवाळीला तो गेम खरोखर आमच्या ऐपतीत आला. अन्याय तसाच आहे, दोन दिवस सुट्टीवर गेला होता एवढंच. पण त्या मुलीचे, त्या दुकानदाराचे आणि रुबिनाचे उपकार मी विसरलेलो नाही.

सई आता नोकरी करते. दिल्लीत वाढल्यामुळे तिचं मराठी यथातथाच. 'रसद' हा शब्द तिने चादरींच्या त्या दिवशी, पानिपतहून परतलेल्या आईच्या तोंडून, पहिल्यांदाच ऐकला आणि तिलाच त्याचा अर्थ विचारून घेतला. परवा घरी पाहुणे आले होते. कुठल्यातरी बोलण्यात तो शब्द निघाला आणि पाहुण्यांच्या लहान मुलाने विचारलं, "रसद म्हणजे?"

सई क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "जी बाबा लोक तोडतात ती."