नंदीच्या शिंगांमधून

माझ्या उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूनं कधीच गेलेली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि गवत समजून मी मेथीच उपटू लागले. आमचा रिसोडजवळ भाजीचा मळा. तो डोळाही गेला तर उरलेलं आयुष्य ओट्यावर बसून काढायचं, या धास्तीनं माझी झोप उडाली होती. दर सोमवारी महादेवाला जाऊन मी डोळा मागायची. पण नंदीच्या शिंगांवर बोटं टेकवून त्यांच्यामधून पिंडी पाहतात, तसं दर्शन मात्र मी तीस वर्षांत घेतलं नव्हतं. मी बाजूनंच जायची.

त्याचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी, एकदा जेवताना यांचा राग अनावर झाला आणि हातातला तांब्या माझ्या डाव्या डोळ्यावर बसला. लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या पवळ्या बैलाचं शिंग लागलं. यांनी नुसती मान खाली घातली. मारका बैल दावणीला नको म्हणून पुढच्याच बाजारात पवळ्या विकला गेला. जाताना तो माझ्या हातातल्या कडब्याकडं मान लांबवत होता. हे वारले, तरी मी ती गोष्ट पोटातच ठेवली.

वाशीमला डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासताना विचारलं, "डोळ्याला कधी मार लागला होता का?" मुलगा बाहेर औषधांच्या रांगेत होता. पवळ्याचं नाव पुन्हा घेववेना, आणि खरं तोंडातून निघेना. मी "नाही" म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी डोळ्यात थेंब घालून आम्हाला बाकावर बसवलं होतं. शेजारी रिसोडचीच एक बांगडीवाली होती. ओळख ना पाळख, ती आपणहून म्हणाली, "बहीण, मागच्या डोळ्याच्या टाइमाले मी शुगर लपवली. जखम चिघळली, डोळा गेला. आता सारं सांगून राह्यली. डॉक्टरले अंदरचं कसं समजन?"

मला माझं ते "नाही" आठवलं. नर्स बोलवायला आली तेव्हा मुलगा माझा हात धरून होता. त्याच्यासमोरच मी डॉक्टरीणबाईंना तांब्याची गोष्ट सांगितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. अशा मारानं भिंगाला धरून ठेवणारे धागे तुटतात. आत आधाराची कडी बसवावी लागेल. ती आज इथं नाही. तशीच सुरुवात केली असती तर भिंग आत निसटलं असतं."

अकोल्याहून कडी आली, मग चार दिवसांनी ऑपरेशन झालं. डोळा बधिर होता, कान नव्हते. "एका बाजूचे धागे गेलेत, रिंग द्या," हे शब्द ऐकले आणि मी मनात महादेवाचे पाय धरले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पहिल्यांदा दिसला मुलाचा चेहरा. त्याचे डोळे सुजलेले होते.

"माय, पवळ्याले मी काठीनं झोडपलं होतं," तो म्हणाला. "तुले मारलं म्हणून. बांधलेला होता तो."

मला हे माहीत नव्हतं. डोळ्यातून पाणी काढू नका, असं नर्सनं बजावलं होतं, पण मला ते आवरलं नाही.

ती बांगडीवाली मला पुन्हा भेटली नाही. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. देवानं तिला पाठवलं असं मी म्हणत नाही. इतकंच जाणते की मी महादेवाकडं डोळा मागत होते आणि माझी मूठ मात्र तीस वर्षं मिटलेली होती. यांना मी माफ केलं का, हे मला आजही सांगता येत नाही. ते मी महादेवावर सोपवलं आहे.

पुढच्या सोमवारी मुलगा मला देवळात घेऊन गेला. त्यानं माझी बोटं नंदीच्या शिंगांवर ठेवली. मी वाकले. समोर पिंडी स्वच्छ दिसत होती, वरचं बेलाचं पानसुद्धा. पण देवाला हात जोडण्याआधी मी नंदीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "पवळ्या, तू नव्हतं मारलं रे मले."